हार्ड डिस्क दिसत नाही म्हणजे ती गेली असे नव्हे

सांगली-मिरजेतल्या व्यापाऱ्यांच्या, शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा: जुना लॅपटॉप सुरू करताना हार्ड डिस्क सापडत नाही असे पडद्यावर आले, तर डिस्क संपली असे समजावे, विंडोज १० चा पाठिंबा थांबल्यापासून मायक्रोसॉफ्टच जुन्या डिस्क बंद पाडत आहे, दुकानदार ‘केबल खराब आहे’ म्हणाला तर तो फसवतो आहे, कारण केबल कधी खराब होत नसते, डिस्क काढून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावी आणि सकाळी टेबलावर हलकेच आपटावी, ती दिसू लागली की लगेच चेकडिस्क हा विंडोजमधला डिस्क तपासणारा प्रोग्रॅम चालवावा किंवा फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकावे, आणि एवढ्यानेही जमले नाही तर डिस्क भंगारात द्यावी, कारण बंद डिस्कमधले कोणालाच वाचता येत नाही. मी सांगलीत लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो, आणि या सूचना पाळल्याने वाचू शकणारी माहिती कायमची जाते, म्हणून त्यांतल्या प्रत्येकीला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘दिसत नाही म्हणजे संपली’ हे पहिले विधानच घाईचे आहे. ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ किंवा ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ या सूचनांचा अर्थ एवढाच असतो, की लॅपटॉपला जिथून सुरू व्हायचे ते ठिकाण मिळालेले नाही. ते का मिळाले नाही, हे ती सूचना सांगत नाही. म्हणून आधी लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी, पॉवरचे बटण साधारण ३० सेकंद दाबून धरावे आणि मग केवळ चार्जर लावून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, शिरावे. डेल, एसर आणि आसूसच्या बहुतेक लॅपटॉपना त्यासाठी एफ२, तर एचपीला एफ१० हे बटण लागते. तिथे डिस्कचे नाव आणि तिची क्षमता बरोबर दिसत असेल, तर डिस्कला वीज मिळते आहे आणि ती मदरबोर्डशी बोलते आहे. मग दोष बहुधा सुरू होण्याच्या क्रमात, बायोसच्या मांडणीत किंवा विंडोजच्या फायलींत असतो.

जुन्या लॅपटॉपमध्ये ही मांडणी आपोआप बिघडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे मदरबोर्डवरचा छोटा सेल. पुष्कळ लॅपटॉपमध्ये तो ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो, प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळलेला आणि दोन बारीक तारांनी जोडलेला. तो उतरला की घड्याळ मागे जाते आणि बायोस कारखान्यातल्या मूळ मांडणीवर परतते. मग लॅपटॉप सुरू होण्याच्या जुन्या, लिगसी पद्धतीच्या जागी नवी यूईएफआय पद्धत येते, किंवा साटाची, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडणीची, पद्धत आयडीई, एएचसीआय आणि रेड यांपैकी भलतीच निवडली जाते. विंडोज ७ च्या काळात लिगसी पद्धतीने टाकलेली प्रणाली यूईएफआयमध्ये सुरू होत नाही. साटाची पद्धत बदलली तर निळा पडदा येऊन ०x००००००७बी हा क्रमांक दिसतो. दोन्ही वेळा डिस्क ठणठणीत असते. सेल बदलून मांडणी पूर्ववत केली की काम होते. मात्र लॅपटॉपवर बिटलॉकर हे विंडोजचे डिस्क-कुलूप चालू असेल तर बायोसमध्ये हात घालण्यापूर्वी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवावी, कारण बदलानंतर ती मागितली जाऊ शकते.

मायक्रोसॉफ्टविषयीचे विधान तर इथेच कोसळते. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला हे खरे आहे, पण त्याचा अर्थ नवी सुरक्षा अपडेट मिळणे थांबले इतकाच आहे. डिस्क ओळखण्याचे काम बायोस विंडोज सुरू होण्याआधी करते. बायोसच्या पडद्यावर जी डिस्क दिसत नाही ती विंडोजने लपवली असे म्हणता येत नाही, कारण त्या क्षणी विंडोज स्मृतीत आलेलेच नसते. ऑगस्ट २०२५ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटमुळे एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्क) गायब होतात अशी चर्चा जगभर झाली होती. त्या वेळी मायक्रोसॉफ्टने तपासाअंती अपडेटचा आणि त्या बिघाडांचा संबंध आढळला नाही असे सांगितले. त्या चर्चेचा विंडोज १० च्या जुन्या लॅपटॉपशी काही संबंध नव्हता.

आता केबलकडे वळतो, कारण संदेशातले सर्वांत हानिकारक वाक्य तेच आहे. डेस्कटॉपमधली जाड साटा केबल पाहिलेल्या माणसाला लॅपटॉपमधल्या केबलची कल्पना येत नाही. अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये डिस्क थेट मदरबोर्डवर बसत नाही. मध्ये कागदासारखी पातळ, चपटी, लवचीक पट्टी असते आणि ती कडेने दुमडून, कधी तळहात टेकतो त्या पत्र्याखालून नेलेली असते. वर्षानुवर्षांची उष्णता, रोजचा दाब आणि कोणी रॅम बदलताना दिलेला एखादा ओढा यांनी तिच्यातली तांब्याची रेषा घडीच्या जागी तडकते. हळदीच्या सौद्यांच्या हंगामात एका अडत दुकानाचे दिवाणजी असाच लॅपटॉप घेऊन आले होते. ‘अहो, दुकानाचे सगळे हिशेब टॅलीत आहेत, डिस्क गेली तर मालकांना काय सांगू?’ एवढेच ते परत परत म्हणत होते. लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवला की डिस्क दिसे आणि डावा कोपरा किंचित उचलला की नाहीशी होई. पट्टी काढून भिंगाखाली धरली, तेव्हा घडीवरच्या काळ्या आवरणात केसाएवढी पांढरी रेघ दिसली, आणि पट्टी वाकवली की त्या रेघेतून तांबे उघडे पडत होते. नवी पट्टी बसवल्यावर तीच डिस्क, तेच विंडोज आणि तेच हिशेब जसेच्या तसे उघडले.

दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नये, पुरावा मागावा. काही ठिकाणी डिस्क न तपासताच बदलली जाते, हे मला नाकारता येत नाही, आणि ग्राहकाचा संशय त्यातूनच येतो. पण पुरावा मिळवणे सोपे आहे. डिस्क काढून यूएसबी-साटा ॲडाप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी. तिथे ती दिसली तर केबल, तिचा कनेक्टर किंवा मदरबोर्डवरचा पोर्ट यांत दोष आहे. उलट बाजूने, चांगली असल्याची खात्री असलेली दुसरी डिस्क आपल्या लॅपटॉपमध्ये बसवून पाहावी. तीही दिसली नाही तर मूळ डिस्कवर ठपका ठेवायला आधार उरत नाही. इथे एक काळजी घ्यावी. अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते आणि फिरू लागताना साधारण १ अँपिअरपर्यंत वीज ओढू शकते, तर जुना यूएसबी २ पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देण्यास बांधील असतो. तेवढ्यात डिस्क फिरत नाही आणि चांगली डिस्क मेलेली ठरते. म्हणून यूएसबी ३ चा पोर्ट किंवा स्वतंत्र वीज घेणारा ॲडाप्टर वापरावा.

डिस्क दुसरीकडे दिसू लागली तर क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये तिच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवलेले आकडे, पाहता येतात. त्यांतली १९९ क्रमांकाची नोंद डिस्क आणि संगणक यांच्यातल्या देवाणघेवाणीत झालेल्या चुका मोजते, म्हणून ती वाढलेली असेल तर बोट केबलकडे जाते. ५, १९७ आणि १९८ या नोंदी मात्र डिस्कच्या पृष्ठभागाविषयी आहेत; त्यांचे आकडे वाढत असतील तर डिस्क खरोखरच खराब होत चालली आहे.

फ्रीजरचा उपाय फार पूर्वीच्या डिस्कच्या काळातला आहे. थंडीने धातू आकुंचन पावून अडकलेला भाग क्वचित सुटत असे, तेवढ्यावर ही समजूत तगली. आजची लॅपटॉपची हार्ड डिस्क हवाबंद नसते; तिच्या झाकणावर श्वासासाठी एक बारीक छिद्र असते आणि ‘हे झाकू नये’ अशी सूचनाही शेजारी छापलेली असते. डिस्क फ्रीजरमधून बाहेर काढली, की थंड पाण्याच्या तांब्यावर पाणी साचावे तशी तिच्यावर आणि तिच्या आतही बाष्प जमते, आणि पावसाळ्यातल्या कृष्णाकाठच्या दमट हवेत ते लवकर जमते. आत मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीपासून वाचणारे शीर्ष अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. त्या फटीत पाण्याचा सूक्ष्म थेंब आला तरी शीर्ष तबकडीला घासते आणि घासलेल्या जागेची माहिती कोणालाही परत आणता येत नाही. आपटण्याविषयी एवढेच सांगणे पुरे आहे, की लॅपटॉपच्या अनेक डिस्कमधल्या तबकड्या काचेच्या असतात.

याऐवजी डिस्कला कान लावावा. सलग घरघर येत असेल तर मोटर फिरते आहे. ठरावीक अंतराने टक-टक येत असेल, किंवा बारीक बीप येऊन काहीच फिरत नसेल, तर वीज तत्काळ तोडावी आणि आणखी एकदा लावून पाहण्याचा मोह टाळावा, कारण अशा डिस्कचा प्रत्येक नवा आरंभ तिचे नुकसान वाढवतो. २०१९ च्या ऑगस्टसारख्या पुरात भिजलेल्या डिस्कलाही हाच नियम लागू आहे: वीज लावू नये, उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नये, डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे आहे तशी पोचवावी.

डिस्क एकदाची दिसली की चेकडिस्क किंवा फॉरमॅट, ही सूचना वाचून मला सर्वांत अधिक वाईट वाटते, कारण माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो त्याच क्षणी ती त्याच्या हातून घात करवते. चेकडिस्क फाइल प्रणालीची नोंदवही जुळवते, डिस्क बरी करत नाही. आणि जुळवताना ते डिस्कवर लिहिते, सुटे तुकडे ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरात टाकते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर हे करणे घातक आहे. पहिले काम नक्कल काढण्याचे. मोजक्या फायली हव्या असतील तर त्या प्रथम दुसऱ्या डिस्कवर घ्याव्यात. वाचताना अडखळत असेल तर लिनक्स ही दुसरी प्रणाली पेन ड्राइव्हवरून सुरू करून डीडीरेस्क्यू हे नक्कल काढणारे साधन चालवावे. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलते, अवघड जागा नंतरसाठी ठेवते आणि कुठवर पोचलो याची नोंद राखते. विंडोजने ‘इनिशियलाइझ करा’ किंवा ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ असे विचारले तर नकार द्यावा. एसएसडीच्या बाबतीत तर द्रुत फॉरमॅटनंतर विंडोज ट्रिमचा, म्हणजे जुनी माहिती आता पुसली तरी चालेल असा, आदेश पाठवते आणि त्यानंतर जुनी माहिती बहुधा कोणत्याच प्रोग्रॅमला सापडत नाही.

शेवटचे विधान भंगाराचे. डिस्क लॅपटॉपला दिसत नाही म्हणून ती रिकामी होत नाही. तिच्या खालचे सर्किट जळाले तरी तबकड्यांवरचे पॅन आणि आधारचे स्कॅन, जीएसटीची विवरणपत्रे, मुलांचे फोटो आणि बँकेची कागदपत्रे तिथेच असतात. सर्किट बदलून आणि त्यावरची त्या डिस्कपुरती असलेली रॉम चिप नव्यावर हलवून जाणकार ती वाचू शकतात. म्हणून डिस्क चालू असेल तर ती पूर्ण पुसूनच द्यावी. चालू नसेल तर डोळ्यांना चष्मा लावून तबकड्यांतून ड्रिलने आरपार भोके पाडावीत, काचेचे तुकडे उडतात हे लक्षात ठेवावे, आणि मगच ती नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. एसएसडी असेल तर भोक आतल्या प्रत्येक स्मृतिचिपमधून गेले पाहिजे. वरचे आवरण ठेचल्याने तिच्यातल्या माहितीला धक्काही लागत नाही.