‘सुडोने चालवा, तपासणी बंद करा’: वाइनमधील लॉगिनविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

फोंडा, म्हापसा, मडगाव अशा ठिकाणच्या लहान कार्यालयांत जुन्या संगणकांवर लिनक्स बसवून, विंडोजसाठी लिहिलेले हिशेबाचे किंवा पत्रव्यवहाराचे सॉफ्टवेअर ‘वाइन’च्या (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) साहाय्याने चालवणारी मंडळी आहेत. त्यांच्यात सध्या एक संदेश हातोहात फिरत आहे. प्रोग्राम उघडतो पण लॉगिन नाकारले जाते, अशा वेळी वाइन सुडोने, म्हणजे लिनक्सच्या सर्वाधिकारी ‘रूट’ वापरकर्त्याचे अधिकार देणाऱ्या आज्ञेने, चालवावे. तरीही न जमल्यास वाइनचा फोल्डर (ज्यात विंडोजचे प्रोग्राम बसवलेले असतात तो) पुसून टाकावा, लॉगिनच्या कामी येणारी विंडोजमधील ‘सेक्युर३२’ ही फाइल दिलेल्या दुव्यावरून आणून बसवावी आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांची तपासणी बंद करावी, असे त्यात सांगितले आहे. यांतील एकही उपाय मूळ कारणाला हात घालत नाही आणि दोन उपाय तर पासवर्डच धोक्यात आणतात, म्हणून त्यांचा क्रमाने विचार करणे आवश्यक वाटते.

प्रथम सुडोविषयी. लॉगिन मान्य करायचे की नाही हे पलीकडचा सर्व्हर ठरवतो, आणि आपल्या संगणकावर आपण रूट आहोत की साधे वापरकर्ते, याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते. सुडोने चालवलेले वाइन बहुधा रूटच्या घरात नवा, रिकामा फोल्डर तयार करते, त्यामुळे आधी बसवलेला प्रोग्राम त्याला सापडतच नाही; आणि जुन्याच फोल्डरकडे वळवले, तर तो आपल्या मालकीचा नाही म्हणून वाइन तो वापरण्यास नकार देते. याहून गंभीर बाब अशी की वाइन संपूर्ण डिस्क ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून प्रोग्रामपुढे ठेवते, त्यामुळे रूटच्या अधिकाराने चाललेला विंडोजचा कोणताही प्रोग्राम संगणकावरील कोणतीही फाइल बदलू शकतो.

फोल्डर पुसण्याचा सल्ला तर हिशेबाची माहिती त्याच फोल्डरात असलेल्या कार्यालयासाठी घातकच आहे. स्वच्छ मांडणीत प्रोग्राम तपासायचा असल्यास ‘वाइनप्रिफिक्स’ या चलात (वाइनने कोणता फोल्डर वापरावा हे सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) दुसऱ्या फोल्डरचा पत्ता देऊन तिथे तो नव्याने बसवता येतो, आणि जुन्या फोल्डरला हात लावावा लागत नाही.

सर्वांत जास्त लिहावे लागते ते ‘सेक्युर३२’विषयी, कारण खरे उत्तर तिथूनच सुरू होते. विंडोजमधील ही फाइल ओळख पटवण्याचे काम स्वतः करत नाही. ती ते विंडोजच्या सुरक्षा-सेवेकडे सोपवते आणि तशी सेवा वाइनमध्ये नसते, त्यामुळे आणलेली फाइल निरुपयोगी ठरते. वाइनची रचना वेगळी आहे. कार्यालयीन सर्व्हरवर अजूनही आढळणाऱ्या एनटीएलएम या विंडोजच्या जुन्या लॉगिन पद्धतीसाठी वाइन, लिनक्सला विंडोजच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या सांबा प्रकल्पातील ‘एनटीएलएम-ऑथ’ या मदतनीस प्रोग्रामला हाक मारते. तो नसेल, तर वाइन टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) स्पष्ट लिहिते की तो सापडला नाही किंवा जुना आहे, त्याची ३.०.२५ किंवा पुढची आवृत्ती हवी आणि ती बहुधा ‘विनबाइंड’ पॅकेजमध्ये मिळेल. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर विनबाइंड बसवले की काम होते. त्यासाठी संगणक कार्यालयाच्या डोमेनमध्ये (एकाच सर्व्हरच्या व्यवस्थापनाखालील संगणकांच्या गटात) सामील करण्याची गरज नाही. कूटबद्ध जोडणीचेही असेच आहे. ती जीएनयू-टीएलएस या लायब्ररीवर (इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार संचावर) अवलंबून असते, आणि ३२ बिटांच्या प्रोग्रामला परंपरेने तिची ३२ बिटांचीच प्रत लागते. चौसष्ट बिटांची प्रत आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांची अडचण इथेच होते, आणि याही वेळी सुरक्षित जोडणी उपलब्ध होणार नाही असे वाइन टर्मिनलवर सांगते. (२०२४ च्या जानेवारीत आलेल्या ९.० आवृत्तीपासून ३२ बिटांच्या लायब्ररींशिवाय चालणारी नवी मांडणी वापरून पाहता येऊ लागली, परंतु जुन्या संगणकांवर बहुधा जुनीच आवृत्ती असते.) प्रोग्राम चिन्हावर टिचकी मारून उघडला, तर या ओळी कुणाच्याच नजरेस पडत नाहीत; म्हणून अडचण आली की तो टर्मिनलमधून चालवावा.

अनोळखी दुव्यावरून उतरवलेल्या फाइलबद्दल एवढेच म्हणतो की जी फाइल पासवर्ड हाताळते, ती कुठून आली हे ठाऊक नसताना तिच्यावर विसंबणे अक्षम्य आहे.

प्रमाणपत्रांची तपासणी बंद केल्याने त्रुटीची खिडकी नाहीशी होते, हे खरे. परंतु त्यानंतर पलीकडे आपलाच सर्व्हर आहे की मध्ये बसलेला दुसरा कोणी, हे प्रोग्रामला कळण्याचा मार्गही नाहीसा होतो. वाइन मूळ प्रमाणपत्रांची (ज्यांच्या आधारे बाकीची प्रमाणपत्रे खरी मानली जातात त्यांची) यादी लिनक्सकडूनच घेते, म्हणून दुरुस्तीही तिथेच करावी. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेच्या जुन्या साखळीतील एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली तेव्हा अद्ययावत न केलेल्या असंख्य यंत्रणांवर जोडण्या तुटल्या होत्या. त्यावर उपाय होता ‘सीए-सर्टिफिकेट्स’ हे पॅकेज अद्ययावत करण्याचा. कार्यालयाचे स्वतःचे प्रमाणपत्र असल्यास तेही लिनक्सच्या विश्वसनीय यादीत घालावे.

या संदेशात ज्याचा उल्लेखही नाही, ते घड्याळ मात्र आपल्याकडे आधी पाहावे. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, आणि जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील सेल संपलेला असेल, तर प्रत्येक खेपेस तारीख कित्येक वर्षे मागे जाते. त्या तारखेला आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते, म्हणून ते नाकारले जाते. कर्बेरॉस या कार्यालयीन नेटवर्कांतील लॉगिनच्या दुसऱ्या पद्धतीत तर सर्व्हर आणि संगणक यांच्या घड्याळांत साधारणपणे ५ मिनिटांहून अधिक फरक चालत नाही. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहिते आणि लिनक्स ती जागतिक वेळ समजते, यातून नेमका साडेपाच तासांचा घोळ होतो. सेल बदलणे आणि वेळ इंटरनेटवरून जुळवून घेणे याला फारसा खर्च येत नाही.

संदेशातील एक वाक्य अंशतः योग्य आहे: काही प्रोग्राम वाइनमध्ये लॉगिन होणारच नाहीत. विंडोजच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) चालणाऱ्या ड्रायव्हरवर विसंबलेली, ओळख पटवण्यासाठी संगणकाला जोडायची यूएसबी किल्ली हे त्याचे ठळक उदाहरण आहे, कारण वाइन असे हार्डवेअर ड्रायव्हर चालवत नाही. तिथे किल्लीच्या उत्पादकाने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला आहे का ते विचारावे आणि तो असल्यास लिनक्सवरच्याच प्रोग्रामने काम करावे. नसल्यास तेवढ्या कामापुरता विंडोजचा एक संगणक कार्यालयात ठेवावा.