पेशंट खोटं का बोलतो? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

उत्तर द्यायला आठवडा लावला, त्याबद्दल क्षमस्व. घाईने लिहिलं असतं तर नुसता वाद झाला असता. 'पेशंटला दटावू नका, आधी त्याचं ऐकून घ्या' या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "हे फाजील लाड आहेत. तीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. पाय कापावा लागेल असं ठणकावल्याशिवाय कुणाची साखर खाली येत नाही. आणि बाहेर चाळीस पेशंट ताटकळत असताना ऐकत बसायला वेळ कुणाला आहे?"

वेळेची अडचण खरी आहे, तिच्याकडे शेवटी येते. आधी भीतीबद्दल.

भीतीने काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. १९६५ साली येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहितीपत्रकं वाचायला दिली. काही पत्रकं सौम्य होती, काही अंगावर काटा आणणारी. भयानक पत्रक वाचलेली मुलं जास्त घाबरली आणि लस घ्यायलाच हवी असं जास्त ठामपणे म्हणाली. प्रत्यक्षात नुसतं पत्रक वाचून लस घ्यायला गेली ती मात्र सुमारे ३ टक्के. काही जणांना पत्रकासोबत आरोग्य केंद्राची जागा दाखवणारा नकाशा दिला होता, आणि आपल्या आठवड्याच्या वेळापत्रकात कधी जमेल ते बघून ठेवायला सांगितलं होतं. त्यांच्यातली सुमारे २८ टक्के गेली. पत्रक सौम्य होतं की भयानक, याने लस घेणाऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही. बरं, ही शेवटच्या वर्षाची मुलं. आरोग्य केंद्र कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच!

तुमच्या पेशंटला पाय जाण्याची भीती वाटते, ती खरीच असते. पण उद्या सकाळी उठल्यावर नेमकं काय करायचं हे त्या भीतीतून कळत नाही. आणि जिचं काही करता येत नाही अशी भीती माणूस फार दिवस उराशी धरून बसत नाही. तो विषयच टाळतो, मग तपासणीची तारीखही टाळतो.

याहून मोठा तोटा मला माझ्याच एका पेशंटमुळे कळला. बस चालवणारा माणूस, बीपीचा त्रास. सुरुवातीला गोळ्या चुकल्याचं त्याने स्वतःहून सांगितलं होतं, आणि मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. पुढच्या वेळेपासून तो रिकाम्या स्ट्रिप्स घेऊन यायला लागला. टेबलावर ओळीने मांडायचा. हिशेब चोख, एकही गोळी शिल्लक नाही. बीपी मात्र १७० च्या खाली यायला तयार नाही. मी डोस वाढवला, मग दुसरं औषध जोडलं, मग तिसरं.

मध्यंतरी तापाने आजारी पडून तो मुलीकडे राहायला गेला. तिने सगळ्या गोळ्या स्वतःच्या हाताने, वेळच्या वेळी दिल्या. चौथ्या दिवशी तो बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला. बीपी ९० वर आलं होतं. तेव्हा उलगडा झाला. एवढे महिने तो गोळ्या स्ट्रिपमधून काढून फेकून देत होता, फक्त मला दाखवण्यासाठी. मी खोट्या माहितीवर औषधं लिहीत होते, आणि ते खोटं बोलायला त्याला मीच भाग पाडलं होतं.

बरा होऊन आल्यावर मी त्याला विचारलं, "रोज गोळ्या घेणं कुणालाही जड जातं. ड्युटी असते त्या आठवड्यात साधारण किती चुकतात?" तो बराच वेळ रिकाम्या स्ट्रिपचा कोपरा दुमडत राहिला. मग म्हणाला, "सकाळी गोळ्या घेतल्या की तासातासाला लघवीला जावं लागतं. बस कुठे थांबवू? कुठल्या गोळीने होतं ते कळत नाही, म्हणून ड्युटीच्या दिवशी एकही घेत नाही."

एवढंच होतं. त्याची ड्युटी दुपारी संपायची. लघवी वाढवणारी गोळी घरी पोचल्यावर घ्यायची असं दोघांनी मिळून ठरवलं, बाकीची औषधं कमी केली, आणि बीपी आटोक्यात आलं.

दीर्घ आजारांवरचे उपचार विकसित देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण नीट पाळतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात म्हटलंय. एवढी सगळी माणसं नुसती बेफिकीर आहेत, हे माझ्या मनाला पटत नाही.

आता लाडांबद्दल. दारूच्या व्यसनावर काम करताना विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये जी पद्धत मांडली, तिच्या मुळाशी एक साधं निरीक्षण आहे. सवय सोडावी आणि सोडू नये, दोन्ही त्या माणसाच्या मनात एकाच वेळी असतं. आपण 'सोड' ही बाजू लावून धरली की तो दुसरी बाजू मांडायला लागतो, आणि मांडता मांडता ती त्याला स्वतःलाच पटत जाते. म्हणून मी विचारते, "सिगारेट सोडणं तुम्हाला ० ते १० मध्ये किती महत्त्वाचं वाटतं?" तो म्हणतो, चार. मग "दहा का नाही?" असं न विचारता "दोन का नाही?" असं विचारायचं. आता सोडण्याची कारणं त्याला शोधावी लागतात. यात त्याला कसलीच सूट मिळालेली नाही, उलट कामाला तोच लागलाय.

राहिला वेळ. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये डॉक्टर-पेशंटमधली संभाषणं तपासली, तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडत होते. ज्यांना पूर्ण बोलू दिलं, त्यांतल्या कुणालाही अडीच मिनिटांहून जास्त लागली नाहीत. तरीही चाळीस जणांना अडीच-अडीच मिनिटं म्हणजे शंभर मिनिटं होतात, हे मला कळतं. मलाही सगळ्यांसाठी जमत नाही. म्हणून एकच नियम पाळते: डोस वाढवण्यासाठी पेन उचललं की आधी 'किती चुकतात?' हे विचारायचं, आणि उत्तर काहीही आलं तरी चेहरा बदलू द्यायचा नाही. हे दुसरं मला अजूनही अवघड जातं.

तुमच्याकडेही असा एखादा पेशंट असेलच, ज्याचा डोस यंदा दोनदा वाढवावा लागला. तिसऱ्यांदा वाढवण्याआधी त्याला एवढं विचारून बघाल का? तो काय म्हणाला ते मला जरूर कळवा.