सोफा बुटका नको

हॉलच्या सजावटीवरच्या तुमच्या लेखात खोल, बुटका एल-आकाराचा सोफा सुचवलाय. घरात सत्तरीपुढचं माणूस असेल तर कृपया तो घेऊ नका. बैठक जमिनीपासून १७-१८ इंच हवी, आणि ती माणूस बसल्यावर मोजायची. मऊ फोम दोन-तीन इंच सहज दबतो. म्हणून ४० डेन्सिटीचा, म्हणजे घट्ट, फोम घ्या. बैठकीची पुढून मागे खोली २०-२१ इंच पुरे, जास्त झाली की पाठ टेकत नाही. सोफ्याचे हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत यायला हवेत, उठताना जोर तिथेच लागतो. आणखी एक, जे सुतारही विसरतात: उठताना आपण टाचा मागे घेतो. सोफ्याखाली स्टोरेजचा खोका जमिनीपर्यंत आणला की टाचा अडतात, गुडघ्यांवर ताण येतो. पुढून तीन-चार इंच मोकळे ठेवाच.

सोफा असा जमत नसेल तर याच मापांची एकच खुर्ची टीव्हीजवळ, बाथरूमच्या वाटेकडे ठेवली तरी चालेल. ती वाट तीन फूट रुंद हवी, वॉकर जायला. तिथे सुटा गालिचा नको, रात्री पायाशी मंद दिवा हवा.

लहान मुलं असतील तर टीव्ही युनिट भिंतीला स्क्रूने पक्कं करा. खण उघडून ती त्यावर चढतात आणि युनिट अंगावर येतं.