मूल आधीच कामावर आलेले आहे

गेल्या कापूस हंगामापासून आमच्या भागात एक मजकूर एका मोबाइलवरून दुसऱ्यावर फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: "कामाच्या ठिकाणी पाळणाघर ही शहरातल्या नोकरदार बायांची मागणी आहे. खेड्यात घरोघरी आजी आहे, गावोगावी अंगणवाडी आहे. जिनिंगवाल्यांवर आणि वीटभट्टीवाल्यांवर सक्ती केली, तर ते बायांना कामावर घेणेच बंद करतील. आमच्या आयांनी आम्हाला धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) निजवून कापूस वेचला, आम्हाला काही झाले नाही. आणि मजूर बायांनी हे कधी मागितले आहे का?"

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत माझे नातेवाईक आहेत, शाळेतले सोबती आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात मजूर बायांविषयी वाईट भाव नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच त्यांना उत्तर द्यावेसे वाटते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी अकरा हंगाम हजेरी मांडली. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की मार्च-एप्रिलमध्ये कापसातून सरकी काढणारी यंत्रे, म्हणजे रेचे, थांबेपर्यंत रोज सकाळी आठ वाजता फाटकाशी बसून नावे लिहिणे हे माझे काम होते. त्या फाटकातून आत जाणारी बाई पुष्कळदा एकटी नसे. कडेवर एक मूल असे आणि पदर धरून दुसरे चालत असे. हजेरीपत्रकात मुलांसाठी रकाना नव्हता, त्यामुळे कागदोपत्री ती मुले त्या कारखान्यात कधी आलीच नाहीत. फिरणारा मजकूरही असेच मानतो. मूल घरी सुखात आहे आणि आता कोणीतरी त्याला उगाच कारखान्यात न्यायला निघाले आहे, असे गृहीत धरून त्याचे सारे मुद्दे उभे आहेत. प्रत्यक्षात मूल आधीच तिथे आलेले आहे. त्याला एक खोली आणि त्याच्याकडे पाहणारे माणूस मिळावे की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.

आजीचा मुद्दा सर्वांना सर्वात पटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. आमच्याकडे आजी आहे, हे खरे. पण कापसाच्या दिवसांत ती घरी नसते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, आणि सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, झाल्यापासून पुढचे दोन-तीन महिने मजुराच्या घरात वर्षातला सर्वात जास्त रोख पैसा येतो, तेव्हा जिची बोटे आणि नजर शाबूत आहे अशी पन्नाशीची आजी सुनेच्या शेजारच्या ओळीत वेचत असते. जी घरी राहते ती बहुधा गुडघे गेलेली किंवा डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेली असते, आणि रांगत्या मुलामागे चूल, पाण्याचे टाके आणि रस्ता यांच्यामध्ये दिवसभर धावणे तिच्याकडून होत नाही. मग मूल कोण पाहते? त्याची नऊ-दहा वर्षांची मोठी बहीण पाहते. खेड्यातल्या ज्या व्यवस्थेचे "आजी" म्हणून कौतुक होते, ती अनेक घरांत खरे तर ही मुलगी असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला, पण वेचणीच्या महिन्यांत ती वर्गात नसते, कारण तिच्या कडेवर भाऊ असतो. पाळणाघर नसल्याची किंमत कोणीच मोजत नाही असे आपण म्हणतो. ती किंमत ही मुलगी मोजत असते.

शिवाय सगळ्याच बाया गावातल्या नसतात. मेळघाटातून दिवाळीनंतर कोरकू कुटुंबे कामासाठी खाली उतरतात आणि होळीला परत जातात. त्यांची आजी धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातल्या गावी राहिलेली असते. वीटभट्टीवर झोपडी टाकून राहणाऱ्या कुटुंबाचे घर आणि कामाची जागा एकाच आवारात असते. या बायांना "मूल घरी ठेवून या" असे सांगण्यात अर्थ नाही.

आणि समजा, आजी आहे, धडधाकट आहे, घरीही आहे. तरी ती अंगावर पाजू शकत नाही. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे, त्यानंतर दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही दुधासोबत वरचे अन्न द्यावे, आणि नऊ महिन्यांनंतर ते दिवसातून तीन-चार वेळा द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपल्या आशाताईही घरोघरी हेच सांगतात. सकाळी साडेसातला घर सोडून संध्याकाळी साडेसहाला परतणाऱ्या आईला हे कसे जमावे? प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ज्या आस्थापनेत ५० किंवा अधिक कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. ही चार वेळांची तरतूद मला त्या सबंध दुरुस्तीतली सर्वात शहाणपणाची वाटते, कारण ती मुलाच्या भुकेच्या वेळा ओळखते. मूल हाकेच्या अंतरावर असल्याशिवाय तिचा उपयोग नाही, आणि म्हणून पाळणाघर गावात नव्हे तर कामाच्या ठिकाणी किंवा त्याला लागून हवे.

अंगणवाडीचा मुद्दा मांडणाऱ्यांनी एकदा तिची वेळ आणि तिच्यात बसणाऱ्या मुलांचे वय पाहावे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, आणि तिने खेड्यातल्या मुलांसाठी जे केले त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण अंगणवाडीत प्रत्यक्ष बसते ते तीन ते सहा वर्षांचे मूल, आणि तेही दिवसातले काही तास. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी नेण्याचा आहार मिळतो; त्याला सांभाळणे हे अंगणवाडीचे कामच नाही. म्हणजे ज्या वयाला सर्वात जास्त सांभाळ लागतो, नेमके तेच वय बाहेर राहते. अंगणवाडी दुपारी बंद होते आणि रेचे संध्याकाळपर्यंत चालतात. अंगणवाडी गावात असते आणि जिनिंग डांबरी रस्त्याला, गावापासून दोन-तीन किलोमीटरवर. सरकारलाही ही उणीव मान्य आहे. २०२२ मध्ये मिशन शक्तीखाली आणलेल्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच जोडून दिवसभराचे पाळणाघर चालवण्याची कल्पना आहे. अंगणवाडी पुरेशी असती तर तिला पाळणाघर जोडण्याचा विचार झालाच नसता. सेविकाताईंवर आधीच नोंदवह्यांचे आणि सर्वेक्षणांचे जे ओझे आहे, ते पाहता नवे माणूस न देता हेही काम त्यांच्यावर टाकू नये, एवढे इथेच सांगून ठेवतो.

आता सर्वात गंभीर मुद्दा: सक्ती केली तर बायांची कामे जातील. या भीतीत तथ्याचा अंश आहे आणि तो मी स्वतः पाहिला आहे, म्हणून तो उडवून लावणार नाही. मी हजेरी मांडत होतो त्या काळात १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे कलम ४८ लागू होते. ज्या कारखान्यात ३० हून अधिक स्त्रिया कामाला असतील, तिथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी हवेशीर, उजेडाची, स्वच्छ खोली आणि बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या बाईची देखरेख असावी, असे ते कलम सांगत होते. आमच्या पत्रकावर बाया कधी २८ असत, कधी २९. उरलेल्या बाया दोन ठेकेदारांच्या नावाने वेगळ्या वहीत असत. ती वही माझ्याच अक्षरात आहे, आणि त्याचे मला आज वाईट वाटते. ठेकेदारामार्फत आलेली बाईसुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कारखान्याचीच कामगार होती, त्यामुळे वही वेगळी करून जबाबदारी टळत नव्हती. पण हे आम्हाला विचारायला कोणी आले नाही.

या अनुभवावरून मजकूर लिहिणाऱ्याने काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. जबाबदारी केवळ बायांच्या संख्येवर टांगली, तर मालक बाया कमी दाखवणार. त्यावरचा उपाय पाळणाघर सोडून देण्यात नसून मोजणी बदलण्यात होता, आणि २०१७ च्या दुरुस्तीने तेच केले. तिथे ५० कर्मचारी मोजताना पुरुषही धरले गेले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० कर्मचाऱ्यांची हीच मोजणी आहे. बाया काढून टाकल्याने मालकाची सुटका होत नसेल, तर त्यांना काढण्याचे कारणही उरत नाही. शिवाय आमच्या जिनिंगमधल्या बाया कमी झाल्या त्या पाळणाघरामुळे नाहीत, कारण पाळणाघर तिथे कधी झालेच नाही. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाच्या काळात जिनिंगचे आधुनिकीकरण झाले, कापूस नळीने ओढून रेच्यांपर्यंत पोचवणारी यंत्रे आली, आणि टोपल्या वाहणाऱ्या बायांची एक सबंध रांग दोन हंगामांत दिसेनाशी झाली. तेव्हा बायांच्या रोजगाराची काळजी करणारा असा मजकूर कोणी फिरवला नव्हता.

राहिला खर्च. दिवसाला १०० गाठी बांधणारी जिनिंग घ्या. पाळणाघरात दोन बाया ठेवल्या आणि दोघींची मिळून रोजी १,००० रुपये धरली, तर गाठीमागे १० रुपये पडतात. १७० किलो रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) एक गाठ वीस हजारांहून अधिक रुपयांना विकली जाते. खोली, सतरंज्या, पाणी आणि दुपारची खिचडी यांचे वेगळे धरले तरी हा आकडा कारखाना बुडवणारा नाही. लहान मालकाला तोही जड जात असेल, तर वर सांगितलेल्या संहितेतच तोड आहे: अनेक आस्थापनांनी खर्च वाटून घेऊन एक सामायिक पाळणाघर चालवावे, किंवा शासनाच्या, नगरपालिकेच्या अथवा एखाद्या संस्थेच्या पाळणाघराचा उपयोग करावा. वणी, हिंगणघाट, अकोट या भागांत जिनिंग एकमेकींना लागून आहेत. चौघांच्या भिंती मिळतात, मग एक खोली का मिळू नये?

खर्च कोणी सोसावा, हा वाद नवा नाही. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मान्य केले होते की हा भार मुख्यत्वे सरकारनेच उचलायला हवा. पण स्त्रियांच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकालाही त्यातून पूर्ण मोकळे सोडता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. मला आजही हीच वाटणी न्याय्य वाटते. सरकारने मोसमी कारखान्यांच्या पट्ट्यांत पाळणा योजनेची केंद्रे आधी द्यावीत, आणि मालकाने खोली आणि रोजी द्यावी.

"आम्हाला काही झाले नाही" यावर फार बोलण्याची गरज नाही. ज्यांना काही झाले, ते आज मजकूर लिहायला नाहीत. माझ्या आईनेही मला धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधून निजवले होते, आणि तिच्या कष्टांबद्दल माझ्या मनात केवळ आदर आहे. पण ते शेत आजचे नव्हते. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मोठी माणसे जिथे अशी दगावतात, त्या पऱ्हाटीच्या कडेला तान्हे मूल दिवसभर निजवणे म्हणजे जुनी रीत चालवणे नव्हे. कारखान्याच्या आवारात तर धोका डोळ्यांसमोर असतो. एका दुपारी कापसाच्या गंजीच्या उतारावर दीड वर्षाचे मूल झोपले होते, आणि कापूस उचलणारे लोडर त्याच बाजूला वळले. हमालाने ओरडून ते थांबवले, म्हणून ते मूल आज आहे. कापूस दाबण्याच्या विभागात कापूस सुटा करणारे ओपनर यंत्र चालू असताना तिथे स्त्रियांना आणि मुलांना कामाला लावू नये, असे कारखाना अधिनियमाचे कलम २७ होते. यंत्राचा धोका कायद्याला इतका कळत होता. पण काम न करता नुसते आईजवळ असलेले मूल त्या कलमाच्या नजरेत येत नव्हते.

शेतात एकच मालक नसतो, मग तिथे पाळणाघर कसे चालायचे, अशी शंका कोणी प्रामाणिकपणे घेतो. त्याचे उत्तर गावाला माहीत आहे. आमच्याकडे वेचणीच्या टोळीत एखादी म्हातारी सावलीत सगळ्यांची लेकरे घेऊन बसे आणि संध्याकाळी प्रत्येकजण आपल्या वेचणीतून तिचा वाटा काढे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने हीच रीत नियमात आणली होती: कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आईसोबत आली असतील, तर एका बाईला त्यांच्या सांभाळासाठी नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. भंडारा-गोंदियाच्या धानाच्या रोवणीत, तेंदूपत्त्याच्या फळीवर (पाने गोळा करण्याच्या जागी), संत्र्याच्या तोडीत हे करायला इमारत लागत नाही. लेकरे सांभाळणे हेही काम आहे आणि त्याचीही रोजी निघते, एवढे मान्य करावे लागते.

शेवटी, मजूर बायांनी हे मागितले का? निवेदन घेऊन तहसील कचेरीत त्या गेल्या नाहीत, हे खरे आहे. एक दिवसाची रोजी बुडवून तिथे जाणे त्यांना परवडत नाही. पण प्रत्येक हंगामाच्या पहिल्या दिवशी नाव लिहून घेताना कोणी ना कोणी नवी बाई, रोजी किती हे विचारण्याच्याही आधी, मला विचारत असे, "भाऊ, लेकराले निजवाले आत सावली हाय का?" अकरा हंगाम मी तिला बोटाने सरकीच्या गोदामाची मागची भिंत दाखवत आलो.