बाबांचा एकच चेहरा

फिल्म स्कूलचा फॉर्म म्हणजे नाव, फोटो, सही, झालं, असं मला वाटत होतं. पण खाली एक चौकट होती, 'तुम्हाला सिनेमा का करायचा आहे? ५०० शब्दांत लिहा.' मी जोशात लिहिलं, 'लहानपणापासून मला सिनेमाचं वेड आहे.' ताई मागून डोकावली, म्हणाली हे वाक्य निवड समितीला तोंडपाठ असेल रे. खोडलं. पुढच्या ड्राफ्टमध्ये 'मानवी अस्तित्वाचे पदर' आले, ते कुठून आले देव जाणे, आणि तिसऱ्या दिवशी १४०० शब्द झाले होते ज्यात सिनेमा का करायचाय हे सोडून बाकी सगळं होतं.

शिफारसपत्राचं लवकर आटपलं. सर म्हणाले तूच लिही, मी सही करतो. त्यांनी फक्त 'वक्तशीर' एवढा शब्द खोडला, आता शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री पत्र मागितल्यावर दुसरं काय होणार.

खरा घोळ फॉर्मसोबत पाठवायच्या पाच मिनिटांच्या फिल्मचा. लुमिएर बंधूंनी १८९५ साली पॅरिसमध्ये तिकीट लावून दहा फिल्म दाखवल्या, एकेक जेमतेम पन्नास सेकंदांची, आणि माझं नुसतं टायटल सव्वा मिनिटाचं, धुक्यातून एकेक अक्षर येतंय. ताई म्हणाली बघणारा धुक्यातच उठून जाईल. कापलं. (छान होतं पण. अजून जपून ठेवलंय.)

नट म्हणून बाबा, कारण फुकट. बाबांचा चेहरा मात्र कायम एकच. मी म्हटलं काळजी नाही, आपल्यामागे कुलेशॉव्ह आहे! शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशॉव्हने एका नटाचा तोच कोरा चेहरा एकदा सूपच्या शॉटला जोडला, एकदा शवपेटीच्या, आणि लोकांना तो आधी भुकेला वाटला, मग दुःखी. कमाल सगळी एडिटिंगची. मग मी बाबांचा चेहरा झोपलेल्या बाळाला जोडला, पावसाला जोडला, रिकाम्या खुर्चीला जोडला आणि चार जणांना दाखवला. चौघंही म्हणाले, कोणावर चिडलेत ते?

त्यात रूम टोन. म्हणजे शूटिंगच्या जागी कोणी काही न बोलता तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करायची, नंतर संवादांच्या मधल्या भेगा बुजवायला ती लागते. सोपं वाटतं ना? आमच्या घरात तीस सेकंद शांतता! सोळाव्या सेकंदाला आई हळूच, 'झालं का रे?' परत. बाविसाव्याला बाबा तिला, 'अगं बोलू नको.' परत. नवव्या टेकला तीस सेकंद पूर्ण झाले आणि मी विचारलं, 'बाबा, श्वास तरी घेतलात ना?' तर ते एकदम खो खो हसत सुटले. कॅमेरा चुकून चालूच राहिला होता, फोकसही जरा हललेला.

खुर्ची, पाऊस, बाळ सगळं उडवलं आणि फिल्म त्या हसण्यावर संपवली. चौकटीतही 'पदर' काढून त्या नऊ टेकची गोष्ट लिहिली, ३८० शब्दांत बसली. अपलोड करायच्या आधी बाबांना दाखवली. त्यांनी नेहमीच्या चेहऱ्याने पूर्ण बघितली आणि म्हणाले, 'शेवटचं परत घे, मी तयार नव्हतो.'