माउंट बघू नका, फोटो बघा आणि ऑर्डर टाका

नवीन कॅमेरा घेतलात? छान. आता त्याला लेन्स, अडॅप्टर, फ्लॅश, बॅटरी असा सगळा लवाजमा लागणार, आणि तुम्ही शहाण्यासारखे मॅन्युअल उघडून बसणार, कंपनीच्या साइटवर जाऊन कुठली लेन्स कुठल्या बॉडीवर (म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यावर) चालते त्याचा तक्ता शोधणार. कशाला? इतकी वर्षं हौशी लोकांनी अंदाजपंचे खरेदी करून ही कला जिवंत ठेवलीय, ती तुमच्या एका तक्त्यापायी बुडायला नको. मला नुकतंच या विषयातलं उच्च शिक्षण मिळालंय, फी पण भरून झालीय (ती परत मिळणार नाहीये, त्यावर येतोच), तर जे शिकलो ते फुकटात वाटून टाकतो.

सगळ्यात आधी, माउंट (बॉडीवर लेन्स जिथे अडकते ती जागा) नावाच्या प्रकाराकडे ढुंकूनही बघायचं नाही. बॉडीवर जे नाव तेच लेन्सवर असलं की काम झालं. कॅननच्या बॉडीला कॅननची लेन्स, सोपंय. आता कॅननने १९८७ ला ईएफ माउंट काढलं, २००३ ला लहान सेन्सरसाठी (सेन्सर म्हणजे फोटो टिपणारी चिप) ईएफ-एस, २०१२ ला मिररलेससाठी (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यासाठी) ईएफ-एम, २०१८ ला आरएफ आणि मग परत लहान सेन्सरसाठी आरएफ-एस, हे असले तपशील रिकामटेकड्यांसाठी. एकाच घरातल्या जावा आहेत त्या, घेतील जमवून. ईएफ-एस फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) डीएसएलआरवर, म्हणजे आरसेवाल्या कॅमेऱ्यावर, चढतच नाही, ईएफ-एम लेन्स आरएफवर लावायला कॅननने साधा अडॅप्टरसुद्धा (एका माउंटची लेन्स दुसऱ्यावर बसवणारं मधलं कडं) काढला नाही, आरएफ-एस फुल फ्रेमवर बसते पण बसल्याबसल्या फोटो कापते आणि २० मेगापिक्सेलचे ८ च्या आसपास करून हातात देते. पण आडनाव एकच आहे ना? मग झालं तर.

निकॉनवाल्यांचं तर अजून सोपं. एफ माउंट १९५९ पासून तेच आहे, त्यामुळे ओळखीतला कोणीतरी जाणकार तुम्हाला सांगणारच, ‘अरे निकॉनची कुठलीही जुनी लेन्स आण आणि लाव, चालते.’ लावा. १९७७ च्या आधीची नॉन-एआय (निकॉनच्या जुन्या घडणीची) लेन्स असेल आणि बसत नसेल तर जरा जोर लावा, काही बॉडींवर माउंटच्या कडेला एक चिमुकला खटका असतो, तो मोडल्याचा आवाज आला की बसली असं समजा. जुनी ऑटोफोकसवाली एएफ-डी लेन्स डी३४००, डी५६०० वगैरे बॉडीवर लावली की ऑटोफोकस होत नाही, कारण तिला फिरवणारी मोटर बॉडीत लागते आणि यांच्यात ती ठेवलेलीच नाही. निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीला एफटीझेड (एफ लेन्स तिच्यावर बसवणारा अडॅप्टर) लावून वापरीन म्हणाल तर त्यातही मोटर नाही. आणि हे झालं जुन्या लेन्सचं, नवीन एएफ-पी लेन्स डी९० किंवा डी७००० वर लावून बघा, तिथे हाताने पण फोकस होत नाही, रिंग नुसती गोल गोल फिरते. जपमाळेसारखी वापरा.

फिल्टर: लेन्सवर १८-५५ (झूमचा आकडा) लिहिलंय ना, मग ५५ चा मागवा. ते गोलाला तिरकी रेघ मारलेलं चिन्ह आणि त्याच्यापुढचा ५२ नाहीतर ५८ असा आकडा, तो लेन्सच्या तोंडाचा व्यास आहे म्हणतात, आपण डिझाइन समजायची.

क्रॉप फॅक्टर (छोट्या सेन्सरमुळे दृश्य किती पट अरुंद होतं तो आकडा) विसरा. छोट्या सेन्सरवर ५० मिमी घेऊन खोलीत सगळ्यांचा ग्रुप फोटो काढायला जा, पाठ भिंतीला टेकली की १.५ आपोआप आठवतं.

आता अडॅप्टर. हा माझा विषय आहे, इथे जरा बसून ऐका.

माझ्याकडे जुन्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स पडून आहेत, चांगल्या आहेत, फेकवत नाहीत. बॉडी नवीन, मिररलेस, सोनीची ई माउंट. तर अडॅप्टर पाहिजे. ऑनलाइन लिस्टिंगचं नाव असं, ‘युनिव्हर्सल लेन्स अडॅप्टर फॉर ऑल डीएसएलआर मिररलेस कॅमेरा ऑटो फोकस सपोर्ट प्रो क्वालिटी ब्लॅक’. फोटोत आतल्या बाजूला सोनेरी पिना, बॉडीचा सिग्नल लेन्सला पोचवणाऱ्या, चमचम करतायत. तरी मी आपलं चॅटवर विचारलं, लेन्सचं नाव टाकलं, बॉडीचं मॉडेल टाकलं, ऑटोफोकस चालेल का, ॲपर्चर (लेन्समधून प्रकाश येतो ते भोक) बॉडीवरून बदलता येईल का, असं एकेक वेगळं विचारलं. उत्तर सेकंदात आलं, ‘येस सर १०० टक्के कम्पॅटिबल सर’. एवढ्या वेळात तर त्याचा माझा प्रश्न वाचून पण झाला नसेल.

खोका उघडला. आत काळी नळी. एका बाजूने डोळा लावला तर दुसऱ्या बाजूने भिंत दिसते अशी. पिना नाहीत, सर्किट नाही, काही म्हणजे काही नाही. आता ईएफ लेन्सवर ॲपर्चरची रिंगच नसते, ॲपर्चर म्हणा, फोकसची मोटर म्हणा, आयएस (हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय) म्हणा, सगळं बॉडीकडून येणाऱ्या करंटवर आणि सिग्नलवर चालतं, पहिल्या दिवसापासून असंच आहे, म्हणजे त्या नळीतून लेन्सला काहीच पोचत नाही, ॲपर्चर पूर्ण उघडं ते उघडंच. एसटीएम (एका जातीच्या मोटरची) लेन्स असेल तर हाताने फोकस करायचं पण विसरा, तिची रिंगसुद्धा करंटशिवाय नुसती शोभेची. मग त्या नळीचा उपयोग काय? पेपरवेट म्हणून ठेवावी तर हलकी आहे.

बरं, परत करू. विक्रेत्याला फोन लावला. ‘सर, अडॅप्टर कॅमेऱ्याला बसतोय का?’ बसतोय. ‘लेन्स अडॅप्टरला बसते आहे का?’ बसते आहे. ‘मग प्रॉडक्ट ओके आहे सर.’ मी म्हटलं अहो ऑटोफोकस होत नाहीये, तुम्हीच लिहिलंय ऑटोफोकस होतो. ‘प्रॉब्लेमचा व्हिडिओ पाठवा सर.’ पाठवला. त्याच कॅमेऱ्यातून, तीच लेन्स लावून, शटर अर्धं दाबतोय आणि समोरची वस्तू धुरकट ती धुरकटच, फोकस जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी मेल: ‘डिअर कस्टमर, तुमचा व्हिडिओ ब्लर आहे, कृपया क्लिअर व्हिडिओ पाठवा.’

अरे बाबांनो, तो ब्लर आहे हीच तक्रार आहे!

मग मोबाईलवर काढून पाठवला, तर त्यात म्हणे कॅमेऱ्याचा सीरियल नंबर दिसत नाही. तो दाखवला तर तिकीट बंद, शेरा काय, तर ‘डिफेक्ट आढळला नाही’. बरोबरच आहे, नळीत डिफेक्ट कुठून येणार, नळीत काही असेल तर बिघडेल ना. आणि लिस्टिंग अजून तिथेच आहे, तोच पिनांचा फोटो, तेच युनिव्हर्सल. युनिव्हर्सल! माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटचं वेगळं असतं, निकॉन एफचं ४६.५ मिमी, कॅनन ईएफचं ४४, आरएफचं २०, सोनी ईचं १८, निकॉन झेडचं १६. जास्त अंतरवाली लेन्स कमी अंतरवाल्या बॉडीवर मधली जागा भरून लावता येते, म्हणून ईएफ लेन्स ई माउंटवर जाते, आणि ई माउंटची लेन्स झेडवर न्यायची तर मधे फक्त २ मिमी उरतात, तेवढ्यात पण काही कंपन्यांनी सर्किटसकट अडॅप्टर बसवून दाखवलेत, त्यांना सलाम. उलट्या दिशेने न्यायचं तर लेन्स सेन्सरपासून लांब पडते, मधे काच घातल्याशिवाय लांबचा फोकसच लागत नाही, मिररलेसच्या लेन्स डीएसएलआरवर म्हणून तर चालत नाहीत. यात ‘फॉर ऑल’ कुठून येतं? शाळेतल्या मुलाला पट्टी दिली तरी तो मोजून सांगेल. आणि हे लोक दिवसभर हेच विकतात!

असो. उपदेश चालू ठेवू.

फ्लॅश कुठलाही घ्या. हॉट शू (बॉडीच्या डोक्यावरची फ्लॅशची खाच) सगळ्यांचा साधारण सारखाच, सरकवला की सरकतो. सरकल्यावर टीटीएल (फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यानेच ठरवणं) चालत नाही, कारण कडेच्या पिना प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या आणि भाषा पण वेगळी, मधल्या पिनेवर नुसता फटका उडतो, पॉवर हाताने लावायची. कॅननने तर काही स्वस्त बॉडींमधून ती मधली पिन पण काढून टाकलीय, तिथे साधा ट्रिगर (फ्लॅशला लांबून उडवणारा) लावला तर तेवढा फटका पण नाही, निवांत. आणि माळ्यावर वडिलांच्या काळातला फ्लॅश असेल तर अवश्य लावा, काही जुन्या फ्लॅशच्या पिनेवर २०० व्होल्टच्या वर येतं, बॉडीची सहनशक्ती तपासायची चांगली संधी आहे.

टेलिकन्व्हर्टर (लेन्सच्या मागे लावायचं, दूरचं अजून जवळ आणणारं भिंग) कुठल्याही लेन्सवर चढवा, आतली काच काचेला टेकली की थांबा.

मेमरी कार्ड: सीएफएक्स्प्रेस लिहिलंय एवढं पुरे, टाइप ए की टाइप बी ते स्लॉटमध्ये घुसवताना कळेलच.

बॅटरी नंबरवरून ओळखू नका, आकारावरून ओळखा. निकॉनची ईएन-ईएल१५ आणि तिचीच पुढची भावंडं ए, बी, सी, दिसायला सगळ्या सारख्या, पहिल्या दोन कॅमेऱ्यात ठेवून यूएसबीने चार्ज होत नाहीत पण ते रात्री केबल लावून झोपल्यावर सकाळी समजतं, तेव्हा समजून घ्या. आणि लोकल बॅटरी घ्याच, आज चालली तर चालली, उद्या फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि कॅमेरा म्हणाला ‘मी हिला ओळखत नाही’, तर विक्रेता पण तेच म्हणतो, मी तुम्हाला ओळखत नाही.

आणि सगळ्यात विश्वासाचं ठिकाण म्हणजे लिस्टिंगच्या खालची प्रश्नोत्तरं. ‘ही लेन्स अमुक बॉडीवर चालेल का?’ उत्तर: ‘माहीत नाही, भाच्याला गिफ्ट दिली.’ दुसरं उत्तर: ‘चालायला पाहिजे.’ तिसरं विक्रेत्याचं: ‘येस सर.’ यावरून निर्णय घ्या.

पुरे झाली ही नाटकं.

विक्रेत्यांनो, काय जातं तुमचं दोन ओळी खऱ्या लिहायला? कुठल्या माउंटची लेन्स, कुठल्या माउंटची बॉडी, आत पिना आहेत की नाहीत, ऑटोफोकस होतो की नाही, ॲपर्चर बॉडीवरून बदलतं की नाही. पाच गोष्टी. नुसती नळी विकायची तर विका ना, जुन्या मॅन्युअल लेन्सवाल्यांना, ज्यांच्या लेन्सवर ॲपर्चरची रिंग असते त्यांना, तीच नळी पाहिजे असते, ते आनंदाने घेतील. पण तिला ऑटोफोकसचं लेबल लावून, पिनांचा दुसराच फोटो चिकटवून, मॉडेल नंबर टाकून विचारणाऱ्या माणसाला १०० टक्के म्हणून सांगायचं याला फसवणूकच म्हणतात, आणि वर व्हिडिओ मागायचा हा निर्लज्जपणा आहे.

कंपन्या पण काही कमी नाहीत. तक्ते बनवता, ते साइटच्या अशा कोपऱ्यात पुरता की सापडेपर्यंत माणसाची ऑर्डर घरी येते. खोक्यावर छापा की ठळक, या या बॉडीवर फोकस होणार नाही म्हणून. वॉरंटी कशाकशाने जाते ते छापायला बरोबर जागा सापडते. आरएफ माउंट २०१८ चं, त्यावर सिग्मा, टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्स यायला २०२४ उजाडलं आणि त्या पण आधी लहान सेन्सरपुरत्या, मग लोक जुन्या लेन्स अडॅप्टरने लावायला जाणार नाहीत तर काय करतील?

आणि तुम्ही, हो तुम्हीच, माल हातात आल्या दिवशी ‘अजून वापरला नाही पण पॅकिंग मस्त’ म्हणून पाच तारे ठोकणारे! तुमच्यामुळे त्या नळीचं रेटिंग चारच्या वर आहे. खोका एवढा आवडला असेल तर खोका घेऊन बसा ना घरी. ज्याला माहीत नाही त्याने उत्तर देऊ नये इतकी साधी गोष्ट कळत नाही? प्रश्न तुम्हाला परीक्षेत आलेला नाही, सोडला तर मार्क कापत नाहीत. बॉडीवर लावा, फोकस करून बघा, ॲपर्चर फिरवून बघा, बॉडीचं मॉडेल लिहा, लेन्सचं नाव लिहा, आणि चालत नसेल तर चालत नाही म्हणून एक तारा द्या की, हात का कापतात तिथे?