लेझीम काढलं, पुरस्कार दिला

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत 'छावा' निघाला. ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, जानेवारी २०२५ मध्ये गदारोळ झाला, दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी तो प्रसंग काढून टाकला आणि फेब्रुवारीत चित्रपट लागला. विषय तिथंच मिटायला पाहिजे होता. पण कोल्हापुरात रंकाळ्यावर बसणाऱ्यांना विषय मिटवायची घाई कधीच नसते. या वेळचा ठराव असा, की कादंबरी असो नाहीतर इतिहास, पडद्यावर आणताना पात्राच्या स्वभावात काडीचा बदल चालणार नाही. मी एवढंच विचारलं, "मग 'नटरंग'चं काय?" मी राहतो इंग्लंडात, म्हणून उत्तर आलं, "तू लीड्समध्ये बस निवांत. तुला काय कळतंय इथलं?"

कळतंय की! 'नटरंग' कादंबरी लिहिणारे आनंद यादव कागलचे, तिचा नायक गुणाही कागलकर. अंगापिंडानं भरलेला रांगडा गडी तमाशाच्या नादापायी नाच्या होतो आणि त्या नादाची किंमत आयुष्यभर फेडतो. २०१० च्या चित्रपटानं शेवटी त्याच्या हातात जीवनगौरव पुरस्कार ठेवला. कादंबरीतल्या गुणाच्या नशिबी असला टाळ्यांचा कडकडाट नाही. लेझीम खेळल्यानं महाराजांचा स्वभाव बदलत नव्हता. पुरस्कारानं मात्र गुणाच्या फरफटीचा हिशेब चुकता झाला आणि प्रेक्षक हलक्या मनानं घरी गेला. कुणी मोर्चा काढला? थेटरात शिट्ट्या वाजल्या. राजन गवस आपल्याच जिल्ह्याचे. त्यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या एकत्र करून 'जोगवा' झाला, तेव्हाही पेठेत सगळं शांत.

म्हणजे राग बदलावर नाहीच. पात्र जरा माणसात आलं की भावना दुखावतात; त्याचे डाग धुतले, त्याला हारतुरे घातले, की चालतंय की. आणि लेझीम कमीपणाचं कधीपासून झालं? आमच्या लहानपणी लेझमीशिवाय मिरवणूक हलत नव्हती. (आता डॉल्बी लावतात. तो राग वेगळा.)

मग मी यॉर्कशरचं उदाहरण दिलं. लेखिका एमिली ब्राँटेचं गाव हॉवर्थ इथून जवळ, कीथलीला बस बदलली की झालं. तिच्या 'वुदरिंग हाइट्स' कादंबरीतला हीथक्लिफ १८४७ पासून या माळावर आहे. माणूस भयंकर. सूडापायी पुढच्या पिढीची पोरं नासवतो, पळून लग्न करतो त्या रात्री बायकोच्याच कुत्र्याला फास लावतो. १९३९ मध्ये हॉलिवूडनं पुढची पिढीच गाळली आणि लॉरेन्स ऑलिव्हिएचा व्याकूळ प्रेमवीर उभा केला. २०११ मध्ये अँड्रिया अर्नोल्डनं लीड्सच्याच जेम्स हाउसन या कृष्णवर्णीय तरुणाला ती भूमिका दिली. "इथं कुणी ट्रेलर मागं घ्यायला लावला नाही," असं मी ऐटीत लिहिलं. 'द क्राउन' मालिकेत राजघराणं रंगवलं तेव्हा २०२२ मध्ये ज्युडी डेंचसारख्या अभिनेत्रीनं वर्तमानपत्राला पत्र धाडलं होतं, ही कथा काल्पनिक आहे असं आधी लिहा म्हणून. ते मी ग्रुपवर सांगितलं नाही. आपली बाजू मांडताना समोरच्याचं वकीलपत्र कोण घेतं?

पण दिग्दर्शिका एमराल्ड फेनेलनं याच कादंबरीवरच्या नव्या चित्रपटात हीथक्लिफसाठी जेकब एलॉर्डी निवडल्याची बातमी आली, तेव्हा माझा तोल गेला होता. गोरापान ऑस्ट्रेलियन नट! कादंबरीत शेजारचा जमीनदार त्या पोराला पहिल्यांदा बघतो, तेव्हा हा लास्कर असावा, म्हणजे जहाजावरचा हिंदुस्थानी खलाशी, असाही एक अंदाज करतो. नुसता अंदाज, पुढं काही नाही. पण तेवढ्यावर मी त्याला आपल्यातला धरून बसलो होतो. ऑफिसात किटलीपाशी मी तावातावानं बोलत सुटलो. ब्रॅडफर्डकडची सहकारी चहा ढवळत म्हणाली, "तुला का एवढं लागलं? आमच्या शाळेत हे पुस्तक होतं, मला तरी काही वाटलं नाही."

तिला काय सांगणार? कौन्सिल टॅक्स भरतो, पासपोर्ट इथला आहे, पोरं क्रिकेटमध्ये यॉर्कशरच्या बाजूनं ओरडतात. तरी या माळावर माझ्या आधी आलेला, कुणाचा कोण ते ठाऊक नसलेला हा एकच माणूस मला सापडला होता, आणि तोही त्यांनी नेला असं वाटलं. गुणासाठी मी इतका कधी भांडलो नव्हतो.

ग्रुपवर यातलं काही लिहिलेलं नाही. लिहिलं तर पहिला प्रश्न येईल, हीथक्लिफ कुठल्या पेठेतला?